बाभळीखालचे दोन ठिपके

१० डिसें., बुध.
घळीत पुन्हा तारेचा फास. हरणी गेली, डोळे उघडेच. राखणदार गौतमअण्णा म्हणाला, "ह्या अंगाला मी येतच न्हाई दादा." न विचारताच म्हणाला. मंठाळच्या शिवारात हरणांवर नजर ठेवायला मी मशीन बसवलं, आणि माझ्या नाकाखाली हे चाललंय. लाज वाटते.

११ डिसें.
दिवसभर जुन्या नोंदी. खांबावरचा कॅमेरा, छोटं रडार, जमिनीत पुरलेले पावलांचे हादरे टिपणारे तुकडे. तिन्हींचं जुळवून पडद्यावर माणसागणिक एक ठिपका, ठिपक्याला नंबर. गौ.च्या खोपीतून निघतो तो ७. आमच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरून, विहिरीची मोटर चालू करायला आप्पा, माझे वडील, निघतात तो ४. दोघं रोज सकाळी बाभळीखाली टेकतात, तंबाखू मळतात. पुढं दोघांचीही वाट विहिरीकडची. पण आठवड्यातून एक-दोनदा ४ विहिरीकडं आणि ७ घळीत! येतच न्हाई म्हणे.

१३ डिसें., शनि.
वनखात्याच्या साहेबांना फोनवर गौ.चं नाव सांगितलं. "सोमवारी, बावीसला लेखी द्या. मग उचलतो." घरात कुणाला बोललो नाही. तिन्ही यंत्रं एकच सांगतात, तरी रात्री नोंदी पुन्हा उघडून बसलो.

१६ डिसें.
गौ.च्या खोपीच्या दाराला तार गुंडाळलेली. फासाच्याच जाडीची वाटली. वर मलाच विचारतो, "दादा, मशीनला समदं दिसतंय व्हय?" कामून विचारायलाय हा? हसून वेळ मारून नेली.

१९ डिसें., शुक्र. येळवस, रानातली वेळ अमावास्या.
आंबिलाची बिंदगी, ती छोटी घागर, यंदा माझ्या डोक्यावर. आखाड्यावरून निघालो, बाभळीखाली गौ. भेटला, त्याला तांब्याभर दिली. तो विहिरीकडं गेला, मी आंबील शिंपडत आमच्या रानाभोवती फेरा घातला. दुपारी तो बायकोला घेऊन जेवायला आला. आईनं आग्रह करून भज्जी वाढली. "दादा, तुमी जेवंना गेलाव? ताट तसंच हाय की," म्हणाला. याच माणसाचं नाव दिलंय मी.

२० डिसें.
सहज कालची नोंद उघडली. बघतो तर आमच्या रानाभोवती फिरतोय ७. विहिरीकडं गेला ४. अरे, रानाभोवती तर मी होतो, आखाड्यावरून निघालेला ४!
चारदा बघितलं. बाभळीची सावली दाट, कॅमेरा आंधळा. खाली खडक, हादरे पोचत नाहीत. रडारला जवळ बसलेली दोन माणसं एकच दिसतात. उठून वेगळी झाली की कोण कोण हे मशीन अंदाजानं ठरवतं. मी बसवलेलं मशीन, आणि हे मलाच सुचू नये! त्या अंदाजावर मी एका माणसाला तुरुंगात घालायला निघालो होतो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.
पण मग ज्या दिवशी ७ घळीत होता, त्या दिवशी बाभळीखालून दुसरं कोण उठलं?
वही मिटली.

२१ डिसें., रवि.
सकाळी आप्पांना म्हटलं, "बाभळीखाली मशीनची गफलत होतीय. आजच तिथं दुसरा कॅमेरा बसवायलोय."
आप्पा पायताण घालत होते. "बसव की. मला कामून सांगायलास?"
दुपारी बसवला. वर बघितलं तर आप्पा बांधावर उभे. कधीपासून, माहीत नाही.

२२ डिसें., सोम.
सकाळी नव्या कॅमेऱ्यात एकटा गौ. तंबाखू मळून बराच वेळ आखाड्याकडं बघत बसला, मग उठून विहिरीकडं गेला. घळीत कुणीच नाही. आप्पा वरच्या बांधानं गेले. "गुडघं दुखायलेत," म्हणाले. वरची वाट लांबची आहे, चढाचीही.
गुडघे खरंच दुखत असतील. काल रात्री आई तेल चोळत होती.
साहेबांचा फोन. "पाठवताय ना?" म्हटलं, लिहायलोय. गौ.च्या नावाचा कागद फाडला, नवा घेतला. तारीख लिहिली, घळ लिहिली, फास लिहिले. नावाची जागा कोरी.
आप्पा चहा घेऊन आले. ते कधी चहा आणत नाहीत. कागदाकडं बघत म्हणाले, "गौतमचंच नाव लिहायलास न्हवं?"
हे नाव मी घरात काढलंच नव्हतं.
चहा तसाच पडलाय. कागदही.