सोमवारच्या रेकॉर्डिंगआधी

कोराडी, नागपूर
मंगळवार, फेब्रुवारी १९८३

प्रिय विशाखा,

मुंबईत रोज नवीन गाणं पाठ करायचं, तर जुन्यातलं काहीतरी पुसावंच लागत असेल. म्हणून सांगते. माझं नाव अंजनाबाई. मी तुझ्या बापाची आई. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहते, जिथं वाळत घातलेलं पांढरं लुगडं राखेनं करडं होतं. आठवलं का वं?

हे पत्र शेजारची कांताबाई लिहून राहिली आहे. शिकलेली बाई, माझं बोलणं इस्त्री करून लिहिते.

पानठेल्यावर तुमचं ते डिस्कोचं गाणं दिवसभर वाजतं. मागं चारपाचजणी ‘हा हा’ करतात, त्यात तू आहेस हे मी ठेलेवाल्याला सांगितलं. तो म्हणे, आजी, तुले कसं कळलं? म्हटलं, आंघोळीचं पाणी कढत लागलं की ही अशीच ओरडायची.

जयंतीच्या भीमगीतांतही तू मागच्याच रांगेत असायचीस, पण तिथं ढोलकीवाला तरी तुझ्याकडं बघायचा. मुंबईची रीत अजबच. आधी तू पूर्ण गाणं गायचं, त्यावर नटीनं नाचायचं, मग मोठ्या गायिकेनं येऊन तुझा आवाज पुसून आपला भरायचा. लग्नाचा स्वयंपाक आपण करायचा अन् पंगतीतून आपल्यालाच उठवायचं. पण येत्या सोमवारचं गाणं पुसणार नाहीत, तबकडीवर तुझं नाव येणार, असं तू लिहिलंस. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. अंगणात जाते, परत येते, काहून गेले होते तेच आठवत नाही. आडवं झालं की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून झोपते. डॉक्टरनं माझ्या छातीला नळी लावली आणि बोलला तुझ्या बापाशी, जशी काही छाती त्याची आहे.

तुझा बाप लहानू वाईट नाही. पोरगी मार्गी लागावी एवढंच त्याच्या मनात. उमरेडच्या खाणीत नोकरीला असलेला मुलगा पाहिलाय. ती माणसं रविवारी तुला बघायला येणार, तुझ्या गाण्याच्या आदल्या दिवशी. साधं बोलावून तू यायची नाहीस, म्हणून तो शुक्रवारी तार करणार आहे: आजी अत्यवस्थ, ताबडतोब ये. मजकूर कांताबाईच्या नवऱ्याकडून लिहून घेतला, म्हणून आम्हाला कळलं. मरायचं मी आणि ठरवायचं यांनी.

म्हणून हे पत्र. तार आली तरी येऊ नकोस, ती खोटी आहे. सोमवारच्या आत दुसरी आली तर तीही खोटीच समज, खरी असली तरी. तुझ्या येण्यानं माझी छाती काही नीट होत नाही. गाणं मात्र दुसरीच्या तोंडी जाईल. आधी गा, मग ये.

आणि येताना खारा बांगडा आण. डॉक्टरनं माझं मीठ बंद केलंय, तेव्हा लहानूला दिसणार नाही असा बांध.

तुझीच,
म्हातारी आजी