‘निरोगी’ नावाची फाइल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीची दोन्ही रद्द समजावीत. मी भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शहाणा असल्याचा मागितला नाही.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला. स्वयंपाकघरातले मोठे पातेले मात्र टाकून द्यावे. त्यात मी जिलेटिन आणि तेल घोटून छातीचे नकली नमुने बनवीत असे. बायको ओरडायची, "अहो, निदान झाकण तरी ठेवा, कोणी खाईल!"

२. दुधातले पाणी ओळखणारा माझा छोटा सेन्सर आमच्या जुन्या दूधवाल्याला द्यावा. त्या सेन्सरमुळेच त्याने आमचा रतीब बंद केला होता. सेन्सर बरोबर होता.

३. सोळा अँटेनांचे कडे माझ्या जुन्या सहकाऱ्याला, माफीसह. स्तनातली गाठ शोधायला हे कडे छातीभोवती बसवून आम्ही मंद मायक्रोवेव्ह लहरी सोडत असू. गाठीत पाणी जास्त, चरबीत कमी, म्हणून लहरी वेगळ्या परततात आणि संगणक त्यावरून चित्र काढतो. चित्र स्वच्छ यावे म्हणून एका निरोगी बाईचे मोजमाप प्रत्येकीच्या मोजमापातून वजा करायचे असते. त्यासाठी मी बायकोला बसवले. फाइलला नावच दिले ‘निरोगी’.

पुढे येणाऱ्या प्रत्येक बाईच्या चित्रात एकाच जागी, सात नंबरच्या अँटेनासमोर, खळगा दिसू लागला. मी तीनदा केबल बदलली. सहकारी म्हणाला, "सात नंबर ठीक आहे रे. तू वजा काय करतोयस ते एकदा बघ." मी चारचौघांत त्याची अक्कल काढली. पंचवीस वर्षे आम्ही बोललो नाही. नाचता मला येत नव्हते, आणि अंगण वाकडे म्हणून मी सात नंबरला बडवत होतो.

४. हे कलम कोणाला काही देत नाही. त्याच दिवसांत भाजी चिरताना बायको म्हणाली, "इथे जरा टोचल्यासारखं होतंय हो." मी म्हणालो, "तुला काय धाड भरलीय? तू तर आमची निरोगी!" ती हसली आणि आठ महिने डॉक्टरकडे गेली नाही. मुलगी तेव्हा दारात उभी होती. आई गेल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचे काही चुकलेले नाही.

हॉस्पिटलच्या अहवालातली गाठीची जागा मी नंतर कड्यावर मोजून पाहिली. सात नंबर. खळगा त्या इतर बायकांत नव्हताच. गाठ माझ्या बायकोत होती आणि मी ती प्रत्येकीतून वजा करत होतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

५. बेटा, तू यंदा आईच्या त्या वयाची झालीस. साध्या हॉस्पिटलात जाऊन साधी तपासणी करून घे. आजी आणि आई, दोघींना हेच झालं होतं, हे डॉक्टरांना सांग. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर मयतालाही येऊ नकोस, पण जा.

६. ‘निरोगी’ ही फाइल कोणी पुसू नये. यंत्र चुकले नव्हते.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. कलम पाचला तेवढा वेळ नाही, म्हणून याची प्रत मुलीला आजच टपालाने पाठवत आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ४ ऑगस्ट
सही
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)

पुरवणी, दिनांक १९ ऑगस्ट, त्याच साक्षीदारांसमोर: प्रत परत आली. पाकिटावर मुलीच्या अक्षरात "घेणार नाही" असे आहे. पाकीट न उघडता सोबत जोडले आहे. ज्या कोणाच्या हाती हे पडेल त्याने तिला कलम पाच आधी वाचून दाखवावे.