कार्डांची मागची बाजू

मॅरो फोर्ड, ओहायो
१४ मे १९५८

प्रिय लायमन,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा आता बरा आहे. तू पाठवलेलं हॅम पोचलं. अर्धं शेजारी दिलं.

काल लायब्ररीत तुझी कार्डं बघून आले. माजी गव्हर्नरांचा लहानपणचा खजिना म्हणून अख्खं गाव लोटलं होतं. सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली ती बेसबॉल खेळाडूंची दोन बोटांएवढी चित्रं, पण माणसं चर्चमध्ये असावीत तशी गप्प उभी होती. म्हातारा पर्ली न्हावी तर टोपी काढून उभा. म्हणाला, "हेस्टर, यातल्या निम्म्यांना मी खेळताना पाहिलंय. सगळे गेले. आणि इथे बघ, एकाचीही इस्त्री मोडलेली नाही."

कार्डं लायब्ररीला देताना तू भाषणात म्हणालास की कार्डं रस्त्यावर लोकांकडे मागून जमवली. मीही सगळ्यांना तेच सांगत आले.

गर्दी ओसरल्यावर लायब्ररीतल्या मिस पॅजेटने मला आत बोलावलं. काही कार्डं अजून काचेत लावायची होती. "मिस टॅलकॉट, मागे पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर लागतंय का बघता?"

तुझं नवव्या वर्षीचं अक्षर. 'अर्विनकडून.' दुसऱ्यावरही 'अर्विनकडून.' अशी चाळीसएक. एकावर लिहिलं होतंस, 'अर्विन सिगारेट ओढत नाही. कार्ड काढून घेतो आणि पाकीट भट्टीवरच्या लोकांना देतो.'

हे मला ठाऊकच नव्हतं, लायमन. मी त्याला टोचून बोलायचे, "तुझ्या कोटाला धुराचा वास येतो." तो नुसता हसायचा.

शेवटच्या कार्डावर होतं, 'हेस्टरने अर्विनला नाही म्हटलं. माझ्यामुळे.'

मी खाली बसले. एवढ्याशा पोराने हे मनात धरलं, आणि सत्तेचाळीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. माझं छप्पर दुरुस्त करून देणं, दर महिन्याला न चुकता येणं, सगळं काल उलगडलं.

आता ऐक. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, हे खरं. पण लग्नाचं विचारताना अर्विन म्हणाला होता, "पोराला घेऊनच चल. पिट्सबर्गला त्याच्यासाठी खोली बघून ठेवलीय, खिडकीतून मैदान दिसतं." अडचण तू नव्हतास. मी घाबरले. हे गाव सोडायचा मला धीर झाला नाही. लोक म्हणाले, बिचारी भावासाठी राहिली. मी म्हणू दिलं. ऐकायला बरं वाटायचं.

"हा अर्विन कोण?" मिस पॅजेटने विचारलं.

इतक्या वर्षांत ते नाव मी उच्चारलं नव्हतं. म्हटलं, "अर्विन क्रूगर. आपल्या काचकारखान्यात होता. कार्डांखालच्या पाटीवर त्याचं नाव घाला." तिने लगेच लिहून घेतलं.

राग आला असेल तर ये आणि समोर बसून बोल. नसेल आला तरी ये.

तुझ्यासाठी काहीच न सोडलेली,
तुझी बहीण
हेस्टर