चोरीस न गेलेल्या मोटारीच्या विक्रीबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
चोरीस गेलेली वाहने नोंद शाखा,
मुख्य पोलीस कार्यालय.

विषय: चोरीस गेल्याची नोंद असलेली, परंतु चोरीस न गेलेली जुनी ब्रिटिश सलून मोटार विकता यावी म्हणून सदर नोंद रद्द करणेबाबत.

संदर्भ: १) माझी एकोणीस वर्षांपूर्वीची तक्रार. २) माझे वडील दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपल्या खिडकीवर करीत असलेली चौकशी.

महोदय,

१. सदर मोटार माझ्या वडिलांची आहे. ती मीच नेऊन लाकडाच्या वखारीमागील शेडमध्ये लपवली आणि त्यानंतर आपल्याकडे येऊन चोरीची तक्रार दिली. एवढे लिहिण्यासाठी मी चार कागद फाडले आहेत.

२. कारण असे की वडिलांची नजर अधू होत चालली होती. त्या सुमारास त्यांनी रस्त्याकडेच्या टपालपेटीला धडक दिली आणि खाली उतरून, "लागलं नाही ना हो?" असे तिलाच विचारले. माझा धंदा चष्म्यांचा. दिवसभर परक्या माणसांना "खालची ओळ वाचा" म्हणतो, पण स्वतःच्या बापाला "आता गाडी चालवू नका" म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यापेक्षा चोरी सोपी वाटली. तक्रार देऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवून, "गाडी गेली तर गेली, तू कशाला तोंड पाडतोस?" असे म्हटल्याचे नमूद करतो.

३. आता ती शेड महिनाअखेर पाडली जाणार असल्याने गाडी विकणे भाग आहे. खरेदीदार बाई जुन्या गाड्यांच्या जाणकार आहेत. त्यांना गाडी आहे तशीच हवी आहे. मूळचा फिका हिरवा रंग, फाटके कातडी आसन, टपालपेटीचा पोचासुद्धा. मागील आठवड्यात त्यांना घेऊन शेड उघडली. इतकी वर्षे उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात म्हणे. बाईंनी वाकून चारही चाके पाहिली आणि मला विचारले, "एकोणीस वर्षं हलली नाही म्हणता, मग चाकं गोल कशी?"

४. त्यावर वखारवाल्यांनी जे सांगितले त्याने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. त्यांनी गाडीची गोष्ट आठव्या दिवशीच वडिलांच्या कानावर घातली होती. तेव्हापासून दर पहिल्या सोमवारी वडील तिथे येतात. दोघे मिळून गाडी वीतभर ढकलतात, वडील हँडलने इंजिन फिरवतात, थोडा वेळ आत बसतात आणि भिंतीवर खडूने तारीख घालून घरी जातात. गाडी त्यांनी एकदाही शेडबाहेर काढली नाही.

५. त्या तारखा मी पाहिल्या. माझ्या दुकानातील तक्त्यावर अक्षरे वरून खाली लहान होत जातात. त्या भिंतीवर ती मोठी होत गेली आहेत. गेल्या महिन्याचा आकडा हातभर उंच आहे.

६. गाडी सापडली असताना वडील आपल्या खिडकीवर "माझी गाडी मिळाली का हो?" असे विचारायला का येतात, हा प्रश्न आपणांस पडेल. मलाही पडला. वखारवाल्यांना त्यांनी सांगितले होते, "मालकच विचारायला गेला नाही तर पोलिसांना संशय येईल. पोरगा घाबरट आहे, त्याच्यावर बालंट नको." म्हणजे एकोणीस वर्षे ते आपल्याशी खोटे बोलले ते माझ्यापायी. ते खोटे कृपया त्यांच्या नावावर धरू नये. माझ्या नावावर जागा भरपूर आहे.

७. तरी नम्र विनंती की:

(अ) चोरीची नोंद रद्द करावी व खोट्या तक्रारीची जी शिक्षा असेल ती मला द्यावी.

(ब) वडिलांना "वाहन मिळाले" अशी नोटीस टपालाने पाठवू नये. त्यांना टपाल मीच वाचून दाखवतो. मी ऐन वेळी दुसरेच काही वाचून मोकळा होईन. मी स्वतःला ओळखतो.

(क) हे सर्व मी घरीच का सांगत नाही, असे आपण म्हणाल. या आठवड्यात मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि तिन्ही वेळा त्यांचा चष्मा पुसून परत आलो. विक्रीच्या कागदावर त्यांची सही लागणार आहे. बाई थांबायला तयार आहेत. येत्या सोमवारी वडील नेहमीप्रमाणे येतील. त्या दिवशी मला आपल्या खिडकीच्या आतील बाजूस उभे राहू द्यावे. त्यांना माझा चेहरा दिसणार नाही, पण आवाज ते ओळखतील. ते विचारतील, आणि उत्तर मी देईन.

मान वर करून सही करता येत नाही, याची क्षमा असावी.

आपला नम्र,
(सही)
चष्मेवाला, बाजारातील कोपऱ्यावरचे दुकान
दि. २, गुरुवार

सोबत: १) मूळ तक्रारीची प्रत. २) शेडमधील भिंतीचे छायाचित्र. ३) गाडीची एक किल्ली. दुसरी वडिलांच्या चष्म्याच्या डबीत असते, असे आता कळले. ती मी मागितलेली नाही.