सबनीसांचा नैवेद्य

२ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ७
चौदा वर्षं नुसती मॅनेजरकी केली. आज परत कोड लिहिला! म्हणजे टाइप एआयने केला, पण काय हवंय ते मीच सांगितलं. शेवटी विचार महत्त्वाचा. कॉलेजनंतर इतका आनंद झाला नव्हता. संकल्प: रोज एक तास कोडिंग. पहिला प्रोजेक्ट, आपल्या फरीदाबादच्या गणेश मंडळासाठी नैवेद्याच्या पाळ्यांचं ॲप.

३ ऑगस्ट
अहिल्याकाकूंची वही मागून आणली. बावीस वर्षं ही बाई साठ घरांना एकेक फोन करून पाळ्या ठरवते. एकेक फोन अर्धा तास. काय ही इनएफिशियन्सी! वही देताना म्हणाल्या, आता दुपारी मी काय करू रे? आराम करा म्हटलं. घरी येईपर्यंत उगाच वाईट वाटत राहिलं.

९ ऑगस्ट
ॲप होत आलं. नमुन्यादाखल काही कुटुंबं भरू का, असं एआयने विचारलं. भर म्हटलं. नंतर काढू.

१७ ऑगस्ट, रविवार
मीटिंगमध्ये डेमो. टाळ्या. एआय वापरलंत का, असं एकाने विचारलं. म्हणालो, थोडंसं, स्पेलिंग तपासायला. वल्लरीने माझ्याकडे पाहिलं. बायको असली की असं पाहता येतं. पाळ्यांची यादी ग्रुपवर टाकली.

१८ ऑगस्ट
यादीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, देविका व धीरज सबनीस. असे कोणी नाहीत. नमुन्याची नावं काढताना हे एक राहिलं. दुरुस्त करणारच होतो, तोवर ग्रुपवर तेवीस जणांनी सबनीसांचं स्वागत केलं होतं. एकाने तर त्यांना पाहिलंय. अध्यक्षांनी फोन करून विचारलं, कोण हे? म्हणालो, नवीन आहेत, मानेसरला असतात. का म्हणालो कोण जाणे. उद्या खरं सांगतो.

२० ऑगस्ट
सांगितलं नाही. ऑफिसात रिलीज होतं. काकूंचा फोन: नवीन घर आलं आणि मला पत्ताच नाही, असं कधी झालं नव्हतं, नंबर दे. मी डेटा प्रायव्हसी समजावून सांगितली. बरं बाबा, म्हणाल्या.

२४ ऑगस्ट
काकूंनी देविकाची ओटी भरायला खण आणलाय. हिरवा. उद्या नक्की सांगणार. तोवर ॲपला डार्क मोड दिला.

२९ ऑगस्ट
आरतीची वेळ झाली आणि नैवेद्याचं ताट रिकामं. सबनीसांच्या नावाने मिठाई घेऊन वेळेत पोचायचा प्लॅन होता, पण नोएडाच्या ऑफिसातून निघालो तो ट्रॅफिकमध्येच अडकलो, आरतीला रिकाम्या हाताने पोचलो. पाचपासून काकू खण-नारळ घेऊन गेटपाशी उभ्या होत्या म्हणे. शेवटी घरी जाऊन साखर-खोबरं घेऊन आल्या. लोक सबनीसांना नावं ठेवायला लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, तिला काही बोलू नका, मीच फोन करायला हवा होता, माझं वय झालं, माणसं सुटायला लागली हातून. डोळ्याला पदर लावला. मी तिथेच होतो. आरती मोठ्यांदा म्हटली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

३१ ऑगस्ट, रविवार
काकूंना सगळं सांगितलं. मी वाटेतून परत फिरू नये म्हणून वल्लरी सोबत आली. काकू म्हणाल्या, म्हणजे ती मुलगी नाहीच का? मी रोज तिचा विचार करत होते रे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परत करायला नेलेली वही पुन्हा माझ्याच हातात दिली. कोजागरीचं आमंत्रण तू करायचंस, साठही घरांना, मेसेज नाही, बोलून.

७ सप्टेंबर, रविवार
पहिला फोन साधनाताईंना. आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहतात. मी इथे अकरा वर्षं आहे. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, फ्लॅट नंबर सांगितला. अच्छा, म्हणाल्या, नवीन आलात का? बिलकूल संकोच करू नका. इथे कोणी ओळखीचं नसेल तर अहिल्याकाकूंना फोन करा.