ताईच्या वहीतलं गाढव

७ ऑक्टोबर, सोमवार
लोरेनाच्या शाळेत पालकसभा. चौथीच्या दुब्राव्काबाईंनी विचारलं, घरी मुलांबरोबर कोण वाचतं? शेजारचा ड्रागो हात वर करतोय असं वाटलं, म्हणून आधी मी केला. (तो नाक खाजवत होता.) मग बोललोही. आमच्याकडे रोज जेवणानंतर अर्धा तास सगळे वाचतात, फोन पावाच्या डब्यात. बाई गहिवरल्या. शुक्रवारी, अठराला, वर्गात माझ्या लहानपणच्या पुस्तकावर बोलायचं. हो म्हटलं. दहा मिनिटांचं काम.

८ ऑक्टोबर
लेक शाळेतून नाचतच आली. बायकोनं, मिरेलानं विचारलं, तिहोमिर, आपण नक्की कधी वाचतो रे? म्हटलं, आजपासून. जाडी कादंबरी घेतली. पान ३.

१० ऑक्टोबर
पान ३. दोष लेखकाचा, एका पानावर चार आडनावं. लोरेनाचं दुसरं पुस्तक सुरू. मिरेलाही वाचतेय. घरात बोलायला माणूस नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार
मॅच होती. लोरेना म्हणाली, बाबा, तू बाईंना रोज म्हणालायस. फोनचा डबा मांडीवर घेऊन बसली. बाथरूमला तीनदा गेलो, उगीचच.

१४ ऑक्टोबर
पुस्तक ठरलं. बेटावरच्या सिव्को गाढवाचं. लोरेनानं बाईंना कळवलंही. आम्हाला शाळेत नेमलेलं होतं. वाचन-वहीत पाचपैकी पाच मिळाले होते. वही रुझाताईची उतरवलेली, पण अक्षर माझं. तसं सगळेच करायचे. थोरल्याची वही धाकट्याला, मग गल्लीला.
संकल्प: पुस्तक लायब्ररीतून आणून नीट वाचणे.

१६ ऑक्टोबर
लायब्ररी बुधवारी बंद असते. (गेलो नाही, पण असणार.) ताईनं ऑसियेकहून जुन्या वहीचे फोटो पाठवले. अप्रतिम सारांश. शेवटी वादळात गाढव बुडतं. डोळे पाणावले. आता पुस्तक कशाला? सार महत्त्वाचं.

१७ ऑक्टोबर
लोरेनानं उद्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला. विचारलं, बाबा, खरंच वाचलंयस ना? मी सगळ्यांना सांगितलंय. म्हटलं, तुझ्या वयात तीनदा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
बावीस मुलं. सुरुवात झकास. गाढव बुडवताना माझाच आवाज फुटला. मग ड्रागोची पोरगी म्हणाली, काका, सिव्को मरत नाही, शेवटच्या पानावर द्राक्षं खातो. बाईंनी माझ्या स्वागतासाठी अख्ख्या वर्गाकडून पुस्तक वाचून घेतलं होतं. ही शुद्ध दगाबाजी.
बाई माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात लोरेना उठली. म्हणाली, बाबांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं, कुणी नीट वाचलंय ते बघायला. तिचे कान लाल झाले होते. बाई खूश. म्हणाल्या, ही युक्ती बाकीच्या वर्गांतही हवी. सात वर्ग, सात शुक्रवार, सात पुस्तकं. बावीस मुलांसमोर नाही कसं म्हणणार?
संध्याकाळी ताईला फोन. ती शांतपणे म्हणाली, अर्ध्यातच कंटाळा आला होता रे, म्हणून बुडवलं. सगळ्या गल्लीनं बुडवलं, सगळ्यांना पाच मिळाले.

१९ ऑक्टोबर
सूप पिताना लोरेना एवढंच बोलली, बाईंशी मी कधी खोटं बोलले नव्हते, बाबा. वाईट वाटलं. मॅच बघावीशी वाटली नाही, इतकं वाईट वाटलं. तिला सॉरी म्हणणार होतो, पण ती वाचत होती. वाचणाऱ्या मुलाला मध्येच थांबवू नये.

२० ऑक्टोबर, रविवार
लोरेनानं माझ्यासाठी वही आखली. पुस्तकाचं नाव, पात्रं, आशय. सिव्कोचं पुस्तक पुढ्यात ठेवलं. रोज दहा पानं, जेवणानंतर तोंडी परीक्षा. हे संपलं की पुढची सात. कुणाचीही वही चालणार नाही, रुझाआत्याची तर नाहीच. मिरेलाला म्हटलं, अगं, सांग ना हिला काहीतरी. मिरेलानं पान उलटलं.
एक मात्र नोंदवून ठेवतो. पोरीला वाचनाची गोडी मी लावली.
पहिली परीक्षा झाली. गाढवाच्या मालकिणीचं नाव विचारलं. म्हातारी, म्हणालो. पाचपैकी एक. एक म्हणजे नापास. खाली पालकाची सही लागते म्हणून लोरेनानं वही मिरेलाकडे सरकवली. मिरेलानं केली.