आकाराम बसला ती जागा

मु. वाघदरे, ता. जावली, जि. सातारा
ता. ११ जानेवारी १९७५

चि. मानसिंग यास कोंडीबाकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आलं आणि मी उत्तर लिहायला आज बसतोय. तीन महिने होत आले. रागावला असशील. चूक पोस्टाची नाही, माझी आहे.

एरवी माझी पत्रं शाळेतले गुरुजी लिहून देतात. हे मी माझ्या हातानं लिहितोय. चौथीत शाळा सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. गुरुजी दोनदा विचारून गेले, आफ्रिकेला उत्तर धाडायचं ना म्हणून. मी सांगितलं, चष्मा फुटलाय. लिहिणार ते, मग चष्मा माझा कशाला लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार.

इकडे ठीक आहे. भात झोडून झालं. नाचणी बरी आली. परवा माझ्या डाव्या पायाला चुलीतलं लाकूड लागलं, ते मला वासावरून कळलं. तुझ्या अंबूकाकीनं तेल-हळद लावली आणि दिवसभर बडबडली. दुखत काही नाही. तिकडे हिवतापाची गोळी चुकवत नाहीस ना? पाणी उकळून पितोस ना? कारखान्याच्या भट्टीजवळून उठून एकदम वाऱ्यात जाऊ नकोस. सांगलीच्या कारखान्यात असताना तुला तसाच खोकला झाला होता.

तू लिहिलंस की कारखान्याच्या गच्चीवरून रोज सकाळी डोंगर दिसतो आणि दहाच्या पुढं ढगात जातो. बरोबर आहे. लढाईच्या वेळी आम्ही तिथंच मोशीच्या छावणीत होतो तेव्हाही तसंच होतं. तुला तीन फेब्रुवारीपासून रजा मिळाली आहे. सोपी वाट सोडून तू पश्चिमेच्या उभ्या भिंतीनं जाणार आहेस, कारण वडील त्या वाटेनं गेले. आईनं बांधून दिलेलं कृष्णेचं पाणी त्यांच्या जागेवर ओतणार आहेस. शेवटी विचारलंस, काका, जागा नेमकी कुठली ते सांगा.

त्या एका प्रश्नात तीन महिने गेले.

तू लहानपणापासून ऐकत आलास ती जागा म्हणजे पार माथ्यावर, नंदीसारख्या खडकाच्या उगवतीला. पंधरा ऑगस्टला शाळेत मला खुर्चीवर बसवतात तेव्हा मी तेच सांगतो. तिथं तसा खडक आहे की नाही हे मला माहीत नाही. मी माथा पाहिलेला नाही. तुझ्या वडिलांनी, आकारामनंही पाहिला नाही.

हे एक लिहून झालं. मधे उठून मी गुरांना पाणी पाजून आलो.

दिवाळी झाल्यावर मी एस.टी.नं सांगलीला गेलो होतो, ते तुला पद्मानं कळवलं असेल. तुझ्या आईला आधी सांगावं आणि मग तुला लिहावं, असं मनात होतं. तुमची खोली तिसऱ्या मजल्यावर. मी जिन्यात दोनदा बसलो. वैनी कठड्यावरून बघत होत्या.

"आवं भावजी, आफ्रिकेचा डोंगर चढलासा आन् जिन्याला बसताय व्हय?"

"वय झालं, वैनी."

"आन् माजं न्हाई झालं? नळाचं पानी मीच आनती रोज वर. सूनबाईला इचारा."

पद्मा हसली. तिनं चहा ठेवला. तुझ्या खोलीत सगळं जागच्या जागी आहे. मी चहा पुढं आल्यावर म्हणालो, "वैनी, मानसिंगला लिवा की, डोंगरावर जाऊ नगं म्हनून."

"मी कशाला लिवू? मीच तर पानी बांधून दिलंय. तवा त्यांच्या तोंडात तुमी घातलंसा, आता लेकाच्या हातचं पडंल." मग बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "घातलं न्हवं, भावजी?"

हे त्या दर वर्षी एकदा विचारतात, श्राद्धाच्या दिवशी. या खेपेला दिवस नसताना विचारलं.

मी व्हय म्हणालो. चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. पद्मानं बरोबर भाकरी दिली होती, ती तशीच घरी आणली.

आता झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे मधलं काही सुटणार नाही.

साल त्रेचाळीस. आमची कंपनी सामान वाहणारी. साहेबाला डोंगर चढायचा नाद होता. जावळीची माणसं डोंगरात वाढलेली, म्हणून त्यानं मला आणि आकारामला बरोबर घेतलं. तिथलेच तीन हमाल होते. दोन दिवस नुसतं रान होतं, झाडांना शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या आणि पायाखाली चिखल. मग झाडं संपली. चौथ्या दिवशी भिंतीच्या पायथ्याला तंबू लावला. तिथं साहेबाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. पाचव्या दिवशी पहाटे तो आम्हाला म्हणाला, तुम्ही दोघे जा, कंपनीचं निशाण वर लावा आणि दिवस बुडायच्या आत या. हमालांतल्या म्हाताऱ्यानं नको म्हणून हात हलवला. आकाराम मला म्हणाला, "ह्यो घाबरतोय का आपल्याला घाबरवतोय, कोंड्या?"

उजाडताना निघालो. ती भिंत म्हणजे सगळे सुटे दगड. धरावा तो हातात येतो. मधे मधे बर्फ. पाच पावलं टाकली की थांबावं लागे. सरकारी बूट खडकावर घसरत होते. मीच म्हणालो, बूट काढ. आपण वासोटा अनवाणी चढलेली माणसं. नाड्यांना गाठ मारून बूट गळ्यात अडकवले. पाय खडकाला चांगले धरायला लागले. दीड-दोन तास आम्ही फार झपाट्यानं चढलो. आकाराम म्हणाला, साहेबाला सांगू, बूट परत घ्या आणि गूळ द्या. पाय गार पडले होते, मग ते गार लागायचे थांबले. ते बरं लक्षण आहे असं आम्हाला वाटलं.

पुढं त्याचं पाऊल वाकडं पडायला लागलं. बघितलं तर दोन्ही पाय मेणासारखे पांढरे. बूट घालायला गेलो तर पाय आत जाईनात. माझे कसेबसे गेले. माझी बोटं दोन गेली आणि डावा तळवा तेव्हापासून असा बधिर आहे. त्याला धरून एका कपारीत बसवलं. ती जागा भिंतीच्या निम्म्याच्या थोडी वर आहे, चढताना डाव्या हाताला. तांबडा खडक, दोन माणसं मावतील एवढा आडोसा. पलीकडं बर्फाची मोठी जीभ खाली आली होती. तू विचारलेली जागा ही.

तो माझ्या मांडीवर गेला, मी त्याचे डोळे मिटले, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी निघालो तेव्हा आकाराम बोलत होता. "लय बरं वाटतंय रं, उनात बसल्यागत," असं म्हणाला. कोटाची बटणं काढायला लागला. मी लावली. त्यानं परत काढली. मग म्हणाला, "तू जा. मानसं घिऊन ये. मी हितंच हाय."

मी दुपारी तंबूशी पोचलो. साहेबानं विचारलं, दुसरा कुठे? मी म्हणालो, मेला. कुठे मेला? वर, निशाण लावल्यावर. निशाण माझ्या खिशात होतं. जिवंत आहे म्हटलं असतं तर हमाल वर गेले असते आणि वाट दाखवायला मला त्यांच्याबरोबर परत चढावं लागलं असतं. पार माथ्यावर मेला म्हटल्यावर कुणी आणायला जाणार नाही, हे मला त्या वेळी बरोबर सुचलं. दिवस अजून चार तास होता. साहेबानं टोपी काढली. म्हातारा हमाल माझ्याकडं बघत राहिला, पण त्याची भाषा कुणाला येत नव्हती.

तो सापडत नाही असं मी सांगितलं असतं तर आपल्यात बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. वैनींचं कुंकू राहिलं असतं. मी डोळ्यांनी बघितलं म्हटल्यामुळे तार आली त्याच दिवशी बांगड्या फुटल्या. तू दीड वर्षाचा होतास. वाट बघायचा त्रास चुकवला, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत होतो.

एक राहिलं. पाण्याची बाटली दोघांत एकच होती आणि ती माझ्या खांद्याला होती. उतरताना ती मांडीवर आपटली तेव्हा ध्यानात आलं. मी थांबलो. वर बघितलं तर तांबडी कपार दिसत होती. फार लांब नव्हती. मी थोडा वेळ तसाच उभा होतो, मग खाली उतरलो. बाटलीतलं पाणी तंबूत मीच प्यालो.

हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हात मात्र दुखतोय.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू त्या भिंतीनं जाऊ नकोस म्हणून लिहिलं आहे. माथ्यावर तुला कुणी सापडणार नाही. ती कपार बत्तीस वर्षांत ढासळून गेली असेल आणि तू ती शोधत त्या सुट्या दगडांत फिरशील. मी सांगितलेली गोष्ट खरी धरून तू निघालास. वैनींना एकच लेक आहे. त्यांना मी सांगणार आहे, पण तू गेला नाहीस हे कळल्यावर. आधी सांगितलं तर त्या तुला जा म्हणतील की नको म्हणतील, याचा मला अंदाज येत नाही.

पाकिटाला तिकीट किती लागतं ते उद्या मेढ्याच्या पोस्टात विचारीन आणि एक जास्तीचं लावीन. पोचायला पंधरा दिवस लागतात, कधी वीस. वीस लागले तर एक तारीख होते. म्हणून पत्र मिळाल्याबरोबर आधी तार कर. "गेलो नाही" एवढंच घाल. शिव्या नंतर सावकाश पत्रात घाल, मी गुरुजींकडून वाचून घेणार नाही, स्वतः वाचीन. पण तार लवकर कर, बाबा. मी रोज मेढ्याला जाऊन पोस्टाच्या पायरीवर बसेन.

कोंडीबा